हशीबायचा गंधार

"सूर चुकतोय गं निधी," मी स्वयंपाकघरातून म्हणाले, आणि म्हटल्याबरोबर काचऱ्या परतणारा माझा हात थांबला. मागून कुणी खांद्यावर बोट ठेवावं तसं झालं. घरात आम्ही दोघीच होतो. माझा मुलगा केदार आणि सून रेणू सकाळी सातलाच आपापल्या गाड्या घेऊन गेले होते, बाहेर परवाचा बर्फ रस्त्याच्या कडेला मळून पडला होता आणि आतल्या खोलीत माझी नात व्हायोला वाजवत होती. व्हायोला म्हणजे व्हायोलिनची थोरली बहीण, असं तिनंच मला कधीतरी समजावून सांगितलं होतं. आवाज जरा घोगरा, सर्दीतून उठलेल्या बाईसारखा. मला तो आवडतो. गेला आठवडाभर ती एकच ओळ घोळवत होती. चाल साधी, चार पावलं वर जाऊन तीन पावलं खाली येणारी. पण जिथे गंधार लागतो, सारेगमधला ग, तिथे एका फेरीत तो चढा यायचा आणि पुढच्या फेरीत उतरलेला. एकदा शुद्ध, एकदा कोमल. तिसऱ्यांदा तसं झालं तेव्हा मला राहवलं नाही.

"नो आजी, इट्स रिटन लाइक दॅट!" आतून आवाज आला. "एकदा वर, एकदा खाली. डोन्ट करेक्ट मी!"

आणि ती हसली. चूक माझी निघाली याचं मला काही वाटलं नाही. अमेरिकेत आल्यापासून नळ कुठल्या बाजूला फिरवायचा इथपासून माझ्या चुका निघतात. पण 'सूर चुकतोय' हे शब्द, त्याच गोड समजावणीच्या आवाजात, मी आधी एकदा एका बाईला म्हणाले होते. त्याला अठ्ठेचाळीस वर्षं झाली. ती बाई मला 'नो' म्हणाली नव्हती.

निधी व्हायोला मानेला धरून स्वयंपाकघरात आली, कढईतून बटाट्याची एक काचरी उचलून तिनं तोंडात टाकली आणि हाय हाय करत जीभ बाहेर काढली. वीस वर्षांची घोडी, इथल्या युनिव्हर्सिटीत संगीत शिकते, आणि गरम काय, गार काय अजून कळत नाही. "आजी, यू आर अ हार्मोनियम," ती म्हणाली. "तुझ्या कानाला काळी-पांढरी बटणंच हवीत."

"पेटी म्हण पेटी. आणि बटणं नाही, पट्ट्या."

"व्हॉटेव्हर. ऐक ना, ही स्टोरी भारी आहे." मग ओट्याला टेकून, दर दोन वाक्यांनी एक काचरी उचलत, तिनं मला सांगितलं. शंभर वर्षांपूर्वी इंग्लंडमधले काही संगीतकार सायकली घेऊन खेडोपाडी हिंडले. त्यांना सगळं शिकलेलं संगीत येत होतं, जर्मन लोकांसारखं लिहिताही येत होतं, पण आपलं असं काही सापडत नव्हतं. ते त्यांना शेतमजुरांकडे सापडलं, गुराख्यांकडे, आणि गरिबांना ठेवण्याच्या सरकारी घरांत भिंतीला टेकून बसलेल्या म्हाताऱ्यांकडे. ही माणसं गायची आणि ते वहीत उतरवून घ्यायचे. पुढे त्यांनी त्या चालींवर मोठमोठ्या रचना केल्या, साठ-साठ माणसांनी वाजवायच्या. निधीचा ऑर्केस्ट्रा वाजवत होता ती त्यांतलीच एक. आणि गंमत म्हणजे, ती म्हणाली, ही म्हातारी माणसं गंधार धड वर लावायची नाहीत, धड खाली लावायची नाहीत. पुष्कळ विद्वान म्हणाले की बिचाऱ्यांचे गळे गेलेत, दात पडलेत, आपण तो सूर नीट करून छापू. पण हा जो संगीतकार होता त्यानं नीट केला नाही. त्यानं दोन्ही ठेवले. "अँड देअर इज धिस वन प्लेस, आजी, तिथे व्हायोलिन्स वरचा वाजवतात आणि आम्ही खालचा, ॲट द सेम टाइम. ते एकमेकांना घासतं. इट हर्ट्स अ लिटल. इन अ नाइस वे."

"कुणाकडून घेतली होती त्यानं ही चाल?" मी विचारलं.

ती आत जाऊन कार्यक्रमाचा कागद घेऊन आली. मी चष्मा लावला. एका वृद्ध स्त्रीकडून, गरीबघरात, सप्टेंबर महिन्यात, नाव नोंदलेलं नाही, असं त्यात होतं. मी तो कागद बराच वेळ धरून राहिले असणार, कारण निधीनं माझ्या हातातला झारा काढून घेऊन काचऱ्या हलवल्या. मला ती बाई दिसत होती. तिथल्या बायकांचे कपडे मला माहीत नाहीत, तरी मी तिला एक करड्या रंगाचा एप्रन घातला आणि त्यावर तिचे हात ठेवले. समोर एक तरणा, सभ्य माणूस बसलेला, गुडघ्यावर वही. आपलं चोरीला जाण्यासारखं काही उरलेलं नाही म्हणून ती निर्धास्त असेल. एखाद्या जागी तो पेन्सिल थांबवून वर बघत असेल, आणि तिला वाटत असेल, आपलं चुकलं की काय. तो काही म्हणाला नसेल. एवढंच. तो काही म्हणाला नाही आणि लिहीत राहिला.

"बाय द वे," निधी म्हणाली, "गुरुवारी क्लासमध्ये मी तुझं करतेय."

"माझं काय?"

या विषयावर तिचा एक वर्ग होता, आणि त्यात प्रत्येकानं आपल्या घरातलं, आपल्या लोकांतलं एक गाणं आणून त्याची छोटी रचना करायची होती. गाणं कुठून आलं ते सांगायचं, मूळ चाल दाखवायची, मग वाजवायचं. हे सगळं युनिव्हर्सिटीच्या संग्रहात जमा होणार होतं. तिनं बॅगेतून झेरॉक्स काढली. पिवळट पानांची झेरॉक्स करडी येते. वर छापलेलं होतं, 'धवला : हळदीचा', म्हणजे आगरी लग्नात हळद लावताना म्हणायचं गाणं, आणि तळाशी बारीक अक्षरांत, 'स्वरलेखन : कु. शरयू टिळेकर'. ही मी. हे गाणं ज्या जुन्या पुस्तकात छापलंय त्याच्या पानांच्या झेरॉक्स केदारनं मुंबईहून येताना आणल्या होत्या. तो आल्यागेल्याला दाखवतो. "मी टू व्हायोलाजसाठी अरेंज केलंय. माझी फ्रेंड विनीता माझ्याबरोबर वाजवणार आहे. ऐकतेस?" आणि तिथेच, ओट्यापाशी उभी राहून, तिनं ते वाजवलं. सुरेख वाजवलं. गंधार जिथे लिहिला होता तिथेच लागला, शुद्ध, स्वच्छ, धुतलेल्या काचेसारखा. मी गॅस बंद केला.

अठ्ठावन साली मी बावीस वर्षांची होते आणि पेणला मुलींच्या शाळेत गाणं शिकवत होते. संगीत विशारद झाले होते, आणि त्या गावात तेवढी शिकलेली मी एकटीच होते, याची जाणीव मला वेणी घालतानासुद्धा असायची. पुरुषोत्तम सर मुंबईच्या एका कॉलेजात मराठी शिकवत. आगरी लोकांची लग्नातली गाणी जमवून ते पुस्तक करणार होते. त्यांना शब्द लिहिता येत, सूर येत नसत, म्हणून मला त्यांनी बरोबर घेतलं. वडखळच्या अलीकडे खाडीकाठच्या एका गावात हशीबाय होती. ती धवलारीण, म्हणजे त्यांच्या लग्नांत भटजीच्या जागी बसून विधीची गाणी गाणारी बाई. तिनं गायल्याशिवाय हळद लागत नाही, अंतरपाट सरत नाही. पन्नाशीची असेल. मिठागरात काम करून पायांना भेगा पडलेल्या, कपाळावर आडवं गोंदण. मी पेटी डोक्यावर देऊन शाळेच्या गड्याला बरोबर नेलं होतं. तिच्या ओसरीत चटई टाकली, पेटी उघडली, आणि पंचवीस-तीस बायका, पोरं भोवती जमली. पेटी बघायला, हशीबायचं गाणं त्यांनी जन्मभर ऐकलेलं होतं.

ती गायलाच तयार होईना. "नवरीबिगर धवला कसा गाव गो?" ती म्हणाली. सरांनी समजावलं की लग्न नाही, नुसतं लिहून घ्यायचंय. "मंग नाव तरी द्या कुनाचा. रिकामा नाय होत तो." कुणाचंही नाव घालायचं म्हणजे काय, सरांना कळेना. शेवटी तिनं माझ्याकडे बघितलं, माझा गळा मोकळा, मंगळसूत्र नाही, आणि विचारलं, "मास्तरीन, तुजा नाव काय?" मी सांगितलं. बायका हसल्या. एकजण म्हणाली, "झाला हिचा लगीन आता!" आणि हशीबायनं डोळे मिटून सुरुवात केली.

शरयू बसली गो मांडवदारी. माझं नाव असं कुणी घेतलं नव्हतं, आधी नाही आणि नंतरही नाही. सगळी ओळ वर वर चढत जायची आणि नावापाशी आल्यावर सूर अलगद सैल व्हायचा. झोपलेलं मूल कडेवरून खाली ठेवावं, तसं ती नाव खाली ठेवायची. आता मी हे असं सांगते. तेव्हा मी पेन्सिल कानामागे अडकवून पेटीवर ती जागा शोधत होते, आणि ती सापडत नव्हती. शुद्ध गंधाराची पट्टी दाबली तर तिचा सूर त्याच्या खाली. कोमल दाबली तर वर. आमच्या स्वरलेखनात ग लिहायचा आणि कोमल असेल तर त्याखाली आडवी रेघ द्यायची. रेघ द्यायची किंवा नाही द्यायची, दोनच गोष्टी. मी तीनदा गायला लावलं. तीनदा तो वेगळा आला, प्रत्येक वेळी जरासा. सर बघत होते. मग मी हसून, प्रेमानं म्हणाले, "मावशी, इथे सूर चुकतोय तुमचा. असा घ्या." आणि पट्टी दाबून धरली.

ती माझ्याकडे बघत राहिली. रागावून नव्हे. पेटी तिनं याआधी फक्त नाटकवाल्यांच्या हातात बघितली होती. "माजा गला न् तुजी पेटी," ती म्हणाली. "पेटीन नाय तो सूर, त मी काय करू?" बायका पुन्हा हसल्या, या वेळी मला. मी पट्टी दाबूनच ठेवली. भाता मारत राहिले, आणि तो शुद्ध गंधार ओसरीत नुसता वाजत राहिला, वाजत राहिला, आणि हशीबाय त्या आवाजात आपला आवाज मिळवायला लागली. दोनदा जमलं नाही. तिसऱ्यांदा जमलं. "शाब्बास," मी म्हणाले. बावीस वर्षांची मी, पन्नाशीच्या बाईला, तिच्याच ओसरीत. रेघ न देता ग लिहिला. आणि सरांनी सांगितलं की पुस्तकात कुणा एकीचं नाव बरं दिसत नाही, म्हणून 'शरयू'च्या जागी 'नवरी' लिहिलं.

एवढंच असतं तर एक चूक कागदावर राहिली असती. पण त्याच वैशाखात त्या गावातलं एक लग्न होतं आणि शाळेच्या शिपायानं मला आग्रहानं बोलावलं. मांडवात माणसांची दाटी, हळदीचा आणि सुक्या मासळीचा मिसळून आलेला वास, हशीबाय नवरीच्या शेजारी पाटावर. मला बघून तिनं मान हलवली. धवला सुरू झाला, ओळ चढत गेली, नावापाशी आली, आणि हशीबाय थांबली. क्षणभरच. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि त्या मुलीचं नाव शुद्ध गंधारावर ठेवलं. उंचावर, कोरडं. तिच्यामागे दोन तरुण बायका होत्या, तिच्याकडून शिकणाऱ्या. त्यांनीही तसंच म्हटलं. गाणं झाल्यावर हशीबायनं मला मांडवातून हाक मारून विचारलं, "आता बराबर ना गो?" आणि मी, देवा, मी मान हलवून हो म्हणाले.

पावसाळ्यानंतर माझं लग्न झालं. मनोहरच्या नोकरीमुळे आम्ही मुंबईला आलो, मग केदार झाला, मग नळाच्या वेळा आणि शाळेचे डबे, आणि पुस्तक जेव्हा आलं तेव्हा मी त्याचा वास घेतला आणि कपाटात ठेवलं. मनोहर फार कौतुक करायचे. त्यांच्या मित्रांच्या बायका हळदीकुंकवाला आल्या की "हिचं ते पुस्तकातलं ऐका" म्हणायचे आणि मी म्हणायची. नवरी बसली गो मांडवदारी. गोड गळा होता माझा. पेटीवर बरोबर बसायचं. पंचवीसएक हळदीकुंकवं तरी झाली असतील, आणि प्रत्येक वेळी तो गंधार माझ्या गळ्यात खिळ्यासारखा थोडा थोडा आत जात राहिला. त्या गावाला पुन्हा जाईन असं मी कितीदा ठरवलं. मनोहर गेल्यावर केदारनं इकडे आणलं तेव्हा विमानानं जमीन सोडली त्या क्षणी मला वाटलं होतं, आता जाणं राहिलंच. हशीबाय तर केव्हाच गेली असणार. त्या दोन तरुण बायकाही आता माझ्यासारख्याच म्हाताऱ्या, असल्या तर.

संध्याकाळी जेवताना केदार खुशीत होता. "आई, तुझं गाणं युनिव्हर्सिटीत वाजणार! बाबा असते तर सगळ्या ॲन आर्बर गावाला पेढे वाटले असते."

"यार बाबा, शांत हो, इट्स जस्ट अ क्लास," निधी म्हणाली.

"जस्ट अ क्लास काय? आर्काइव्हमध्ये जाणार ना? कायमचं राहणार. शंभर वर्षांनी कुणी काढलं तर तुझ्या आजीनं लिहिलेलं जसंच्या तसं ऐकायला मिळेल."

मी म्हणाले, "केदार, त्यात एक आहे..."

"काय?"

त्याचा चेहरा मनोहरसारखा दिसतो, भुवया उंचावल्या की जास्तच. "मीठ कमी आहे," मी म्हणाले. रेणूनं मीठ पुढे केलं. भाजी चांगली झाली होती. मी उगीच मीठ घेतलं आणि खारट जेवले. सांगायला काय झालं होतं मला? या घरात माझ्या नावावर असलेली एकच गोष्ट ती, छापलेली, झेरॉक्स केलेली. बाकी मी इथे काचऱ्या करणारी आजी, जिला बँकेचं कार्ड चालवता येत नाही. आणि मी समजा सांगितलंच की हे चुकलेलं आहे, तर निधी विचारणार, मग बरोबर काय? ते गाऊन दाखव. त्याचीच मला खरी भीती होती. दुपारभर रिकाम्या घरात मी तेच करत होते. खिडकीपाशी उभी राहून, हलक्या आवाजात, पुन्हा पुन्हा. नवरी बसली गो. सूर वर जायचा आणि त्या जागी आला की आपोआप खिळ्याला अडकायचा. मुद्दाम खाली ओढला तर कोमल व्हायचा, रडका, खोटा. मधली ती जागा माझ्याजवळ नव्हतीच. ऐकलेली मला आठवत होती, अगदी त्या ओसरीतल्या धुरासकट, पण गळा तिथे जाईना. घर माहीत असावं आणि दार सापडू नये, तसं. जगात ती जागा आता फक्त माझ्या कानात होती, आणि कान काही कुणाला देता येत नाही.

बुधवारी मी निधीला म्हटलं, तुझ्या कॉलेजात मला ने. तिला आश्चर्य वाटलं, पण आवडलंही. तिनं मला तिचा जास्तीचा मफलर गुंडाळला, दोन मोजे घालायला लावले आणि बसच्या थांब्यापर्यंत माझा कोपर धरून चालली. "पेंग्विनसारखं चाल आजी, पाय सपाट टाक." बसमध्ये सगळी तिच्या वयाची मुलं, पाठीवर बोजे, लाल नाकं. एका मुलानं उठून मला जागा दिली आणि निधी माझ्या पुढ्यात दांडी धरून, व्हायोलाची पेटी पायांमध्ये घट्ट दाबून उभी राहिली. झाडं उघडी होती, त्यांच्या फांद्यांवरचा बर्फ उन्हात टपटपत होता. मी खिडकीतून बघत होते आणि मनाशी वाक्य जुळवत होते. निधी, त्या कागदावर जे आहे ते. निधी, मी लहान होते तेव्हा. पण बावीस म्हणजे लहान नव्हे. तीसुद्धा विसाची आहे, आणि काल तिनं मला सांगितलं, डोन्ट करेक्ट मी.

संगीताच्या इमारतीत लांबच लांब बोळ, दोन्ही बाजूंना छोट्या खोल्या, आणि प्रत्येक दारामागे कुणीतरी काहीतरी घोकत असलेलं. आमची खोली एवढीशी, एक पियानो, दोन खुर्च्या. निधीनं बूट काढले, मांडी घालून खुर्चीत बसली, छोटंसं रेकॉर्डिंगचं यंत्र पियानोवर ठेवलं. तिला माझा आवाज हवा होता, वाजवण्याआधी वर्गाला ऐकवायला. "रेडी? गा."

मी गायले. नवरी बसली गो मांडवदारी. सत्तरीचा आवाज, कडेला फाटलेला, पण सूर जिथल्या तिथे. निधी कागदावर बोट फिरवत होती. "परफेक्ट," ती म्हणाली. "एक्झॅक्टली ॲज रिटन."

"नाही," मी म्हणाले. "थांब. हे नाही."

"मग?"

"तू वाजव. फक्त हा ग. आणि बोट हळूहळू खाली सरकव. मी सांगते कुठे थांबायचं."

तिनं प्रश्न विचारला नाही. गज लावला आणि बोट तारेवरून सरकवायला लागली, मुंगी चालावी तसं. त्या तारेला पट्ट्या नाहीत, रेघा नाहीत, बोट कुठेही थांबू शकतं, हे मी इतके दिवस बघत होते आणि माझ्या ध्यानात आलं नव्हतं. सूर खाली येत होता. मी थांब म्हणाले. पुन्हा म्हणाले, नाही, जरा वर. पुन्हा खाली. चारपाचदा असं झालं आणि मला दर वेळी वाटे हाच, आणि तो सुटा ऐकला की तो नसायचा. "आजी, इट्स ओके," निधी म्हणाली, "कदाचित तो एक सूर नसेलच. शब्द घालून म्हण ना. 'नवरी' म्हटलं की तू सवयीनं त्याच जागी जातेस, त्याऐवजी दुसरं काहीतरी घाल. माझं नाव घाल."

तिचं नाव मी घालणार नव्हते. धवला घर सुटणाऱ्या मुलीचा असतो, आणि ही माझ्यासमोर मोजे घालून मांडी ठोकून बसली होती. पण रिकामा होत नाही तो, हे मला त्या क्षणी, त्या हवा कोंडलेल्या खोलीत, पुन्हा ऐकू आलं. मी अठ्ठेचाळीस वर्षं रिकामाच गात होते. कुणाचं नाव घालू? मनात नावं आली, भाचीचं, मैत्रिणीचं, आणि त्यांच्या मागोमाग ओसरीतली एक गोष्ट आली, जी मी कधीच हिशेबात धरली नव्हती. लिहून झाल्यावर मी पेटीचा भाता बंद करत होते, सर बाहेर बिडी ओढायला गेले होते, आणि बोलायचं म्हणून मी विचारलं होतं, "मावशी, तुमच्या लग्नात कुणी गायलं होतं?" तेव्हा हशीबाय चटईची काडी मोडत म्हणाली होती, "कोन गानार? धवलारीन माजी आयच. ती आदले सालीच जेली. मुकीच बसली मी."

मी डोळे मिटले. हशी बसली गो मांडवदारी. नाव दोनच अक्षरांचं. 'नवरी'च्या जागेत ते पुरेना, म्हणून 'शी' लांबवावी लागली, आणि लांबवताना श्वास कमी पडला, आणि त्या कमी पडलेल्या श्वासावर सूर आपणहून सैल झाला, उतरला, कुठे ते मला कळलं नाही, मी कान लावला नाही, मला फक्त ती लहान मुलगी दिसत होती, आई नसलेली, अंगाला हळद लागत असताना गप्प बसलेली. पुढची ओळ म्हटली. त्याच्या पुढची म्हटली. दुसऱ्या कडव्यात तो थोडा वर आला, तिसऱ्यात पुन्हा खाली गेला. मी अडवलं नाही. सगळीच्या सगळी सात कडवी म्हटली आणि शेवटी आवाज उरला नाही तेव्हा थांबले.

शेजारच्या खोलीत कुणीतरी पियानोवर एकच जागा पुन्हा पुन्हा वाजवत होतं. निधीनं यंत्र बंद केलं नव्हतं. त्याचा लाल ठिपका चालू होता. ती कागदाकडे बघत होती, मग माझ्याकडे. तिचे डोळे ओले होते की काय, मला चष्म्याशिवाय नीट दिसलं नाही.

"हे लिहिलंय तसं नाहीये," ती हळूच म्हणाली.

"नाही."

"आणि आजी, हशी कोण? पुस्तकात हे नाव कुठेच नाहीये. मी सगळं वाचलंय. सरांचं आहे, तुझं आहे."

"पुस्तकात नाही," मी म्हणाले. "आम्ही घातलंच नाही. लिही, सांगते."